हयात सभासद : एक

रकाना : पूर्ण नाव
प्रकार : मजकूर

रंगनाथ ओव्हाळ, पाटबंधारे खात्यातले निवृत्त मुख्य लिपिक, मुक्काम विश्रांतवाडी. त्यांच्या नावापुढे आणखी एक बिरुद लागायला हवं होतं, पण ते कुठल्याच फॉर्मात मावत नसे : रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडून कोणी, कधी, कशाबद्दलही खुलासा मागवला नव्हता.

सरकारी नोकरी न केलेल्या सुदैवी वाचकांसाठी सांगायला हवं. खुलासा मागवणं म्हणजे वरिष्ठांनी 'आपणाकडून असे का घडले' असं लेखी विचारणं. इतरांच्या नोकरीत असे दोनचार कागद येत-जात. कोणी मनावर घेत नसे. ओव्हाळांना मात्र पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं, की इतरांची चूक ही चूक असते आणि आपली चूक हा पुरावा ठरतो. कशाचा पुरावा, ते कोणी तोंडानं बोललं नसतं. 'शेवटी...' एवढंच म्हणून चहाचा घोट घेतला असता. तो घोट कोणाला घेऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठी त्यांनी अख्खी नोकरी केली.

रकाना : पूर्वपीठिका
(रिकामा.)

हे ओव्हाळांना मुळीच आवडलं नसतं. रकाना रिकामा सोडणं त्यांच्या लेखी पाप होतं. रिकाम्या जागेत कोणीही काहीही घुसडू शकतं. म्हणून जिथे सांगण्यासारखं काही नाही तिथे 'निरंक' लिहायचं. खात्यातल्या प्रत्येक लिपिकाला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जाई. 'पुराने झालेली हानी : निरंक.' 'प्रलंबित प्रकरणे : निरंक.' हा शब्द लिहिला की माणूस रात्री झोपू शकतो.

तर निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघानं त्यांना सरचिटणीस केलं आणि वेबसाइट काढायचं ठरवलं. हिंजवडीला कंपन्यांच्या बसगाड्या भरभरून जाऊ लागल्या होत्या, प्रत्येक सोसायटीत एकाचं तरी पोर परदेशी 'ऑनसाइट' होतं. संघानं मागे राहून चालणार नव्हतं. ओव्हाळांची मुलगी मैत्री अशाच एका बसनं हिंजवडीला जायची. एका रविवारी तिनं घरच्या कॉम्प्युटरवर तयार सॉफ्टवेअर बसवून दिलं.

"बाबा, यात फॉर्म तुम्हीच बनवायचा. प्रत्येक रकान्याचा टाइप निवडायचा. टेक्स्ट, नंबर, डेट, हो-नाही. जो डेटा असेल तोच टाइप द्या. एवढं एक सांभाळा."

"मी आयुष्यभर फॉर्मच सांभाळलेत."

"म्हणूनच सांगतेय," मैत्री म्हणाली.

ओव्हाळांनी सांभाळलं. टेलिफोनच्या रकान्याला त्यांनी 'नंबर' दिला. दुसऱ्या दिवशी बघतात तर सगळ्या फोनांचं सुरुवातीचं शून्य गायब. पुण्याचा कोड शून्य वीसचा नुसता वीस झालेला. पडद्यानं हूं की चूं केलं नव्हतं. मैत्रीला विचारलं तर ती म्हणाली, "फोन नंबर हा नंबर नसतो बाबा. त्याची बेरीज करणार आहात का? टेक्स्ट करा." हा सल्ला अगदी बरोबर होता. बरोबर सल्ल्यानं माणूस जितका बुडतो तितका चुकीच्या सल्ल्यानं बुडत नाही, कारण चुकीचा सल्ला तो एकदाच वापरतो.

पुढे 'मृत्यूचा दिनांक' हा रकाना आला. तो भरला गेला की सभासदाचं नाव आपोआप श्रद्धांजलीच्या पानावर जायचं, फोटोभोवती झेंडूची चौकट यायची आणि वारसाच्या ई-मेलवर संघाचं सांत्वनपत्र रवाना व्हायचं. ही कल्पना खुद्द ओव्हाळांची. संघाचं पोस्टकार्ड वर्षश्राद्धाच्या सुमारास पोहोचतं, अशी तक्रार होती. रकान्याला त्यांनी रीतसर 'डेट' दिला, आणि आपल्याच नावावर चाचणी म्हणून लिहिलं : निरंक.

चूक : या रकान्यात दिनांक अपेक्षित आहे.

लाल अक्षरांत. ओव्हाळांना लाल अक्षरांचा तिटकारा होता. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल. मग रकाना रिकामा ठेवून पुढे जावं, असं कोणालाही सुचलं असतं. कोणालाही म्हणजे ज्यानं सरकारी फॉर्म भरलेला नाही अशा कोणालाही. ओव्हाळांनी शून्याचा धडा आठवला आणि रकान्याचा प्रकार बदलला. मजकूर. पडद्यानं 'निरंक' मुकाट्यानं घेतलं.

"वळण लावावं लागतं," ते मुक्ताईंना म्हणाले. मुक्ताई, त्यांची पत्नी, मेथी निवडत होत्या. "मशीनला की मला?" त्यांनी विचारलं.

छापील फॉर्म सगळ्या सभासदांना वाटले. सगळे ओव्हाळांचेच सहकारी, सगळे त्याच पाण्यातले. एकानंही 'मृत्यूचा दिनांक' कोरा ठेवला नाही. सगळ्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं, निरंक. काहींनी खाली सही केली.

अपवाद एकच, संघाचे अध्यक्ष बद्रीनाथ सबनीस, निवृत्त कार्यकारी अभियंता. साहेबांनी उभ्या हयातीत फॉर्म भरला नव्हता. लिपिकानं पेन्सिलीनं फुली मारावी आणि साहेबांनी तिथे सही करावी, एवढाच त्यांचा फॉर्मशी संबंध. त्यांनी नाव लिहिलं, सही केली, आणि बाकीचा फॉर्म "ओव्हाळ, बघा तुम्ही" म्हणून परत केला. साहेबांच्या फॉर्मात स्वतःच्या मनानं काही लिहिणं ओव्हाळांच्या शिस्तीत बसेना. तो तसाच चढला.

बुधवारी ओव्हाळांनी सगळी माहिती प्रसिद्ध केली आणि समाधानानं चहा मागितला.

चहा यायच्या आत फोन आला.

"बाबा," मैत्री पलीकडून म्हणाली, "तुम्ही गेलात असं पत्र आलंय मला. संघ माझ्या दुःखात सहभागी आहे म्हणे. खाली तुमचीच सही आहे."

रकाना : शेजाऱ्यांचा सल्ला
प्रकार : मजकूर (मर्यादा नाही)

बातमी इमारतीत पसरायला ई-मेल लागत नाही. समोरच्या सुहासिनीबाई पांढरी साडी नेसूनच आल्या आणि दार ओव्हाळांनी उघडलं म्हणून जरा नाराज दिसल्या.

"अहो, पण हे चांगलंच असतं. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. फक्त शांत करून घ्या एखादी."

"आमच्यात शांत करत नाहीत," मुक्ताई म्हणाल्या.

"मग तुमच्यात जे काय असेल ते करा. पण लवकर करा. आमच्या ह्यांच्या काकांचं असंच झालं होतं, तर आठवड्यात खरंच गेले."

"आयुष्य वाढतं म्हणालात ना?"

"वाढलं की आठवडाभर."

फोन थांबेना. कोणाच्या सुनेनं माहेरी कळवलं होतं, कोणाच्या जावयानं रजा टाकली होती. एकाच्या नातवानं आजोबांच्या कपाळावर हात ठेवून पाहिला होता. सगळ्यांचं म्हणणं एकच : आम्ही निरंक लिहिलं होतं, तरी आम्हाला मारलं कसं?

मैत्रीनं संध्याकाळी समजावून सांगितलं. "बाबा, सिस्टिम शब्द वाचत नाही. रकान्यात काहीतरी आहे की नाही, एवढंच बघते. काहीतरी आहे, म्हणजे माणूस गेला. निरंक म्हणजे काहीतरीच ना? डेट फील्डला टेक्स्ट का केलंत?"

"डेटमध्ये निरंक घेत नव्हतं ते!"

"घेणारच नाही. तेच तर त्याचं काम आहे."

आयुष्यात प्रथमच एका लाल ओळीचं म्हणणं ओव्हाळांनी ऐकून घ्यायला हवं होतं.

दुरुस्ती सोपी होती. मैत्री रकान्याचा प्रकार पुन्हा 'डेट' करणार, सगळे निरंक आपोआप गळून पडणार, आणि ज्याचा ज्याचा रकाना रिकामा होईल त्याच्या वारसाला दुरुस्तीचं पत्र जाणार. तिला फक्त बाबांचा होकार हवा होता. ओव्हाळ होकार देणार, तेवढ्यात लोणी काळभोरहून फोन आला.

पोपट शितोळे, निवृत्त कालवा निरीक्षक, ओव्हाळांचा नोकरीतला एकमेव मित्र. बाकीचे 'ओव्हाळ' म्हणत, हा 'रंगा'.

"रंगा, म्या मेलोय म्हनं."

"पोपट, माफ कर, आत्ता पाच मिनिटांत..."

"आरं थांब! हात नको लावू. तसाच ऱ्हाऊ दे मला. आधी हिकडं ये."

रकाना : वारस
प्रकार : मजकूर

अभिनव पोपट शितोळे, न्यू जर्सी.

ई-मेल ओव्हाळांनीच एका जुन्या व्हिजिटिंग कार्डावरून उतरवून घेतला होता, कारण बापलेकांत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा अभिनव व्हिसाच्या कसल्याशा भानगडीत अडकला आणि आला नाही. पोपट तेव्हा फोनवर म्हणाला होता, "आता मी मेलो तरी येऊ नकोस." त्यावर पलीकडून फोन ठेवला गेला, आणि मग दोघांनीही ठेवलेलाच राहू दिला.

ओव्हाळ लोणीला पोचले तेव्हा पोपट ओट्यावर बसून पाय हलवत होता. मेलेल्या माणसाच्या मानानं तरतरीत.

"सांच्याला पुतण्याला फोन आला त्याचा. पुतण्यानं सांगितलं न्हाई काय बी, म्याच खूण केली. येतोय रंगा त्यो. तिकीट काढलंय. ऐतवारी हितं."

"पण तू जिवंत आहेस हे कळल्यावर..."

"कळलं तर रद्द करंल ना! जित्या बापाला भेटायला कशाला येईल? मेलो तरी येऊ नको म्हनालो हुतो मी त्याला." पोपटनं नाक पुसलं. "तरी येतोय बघ, भाड्या."

ओव्हाळ त्याच्या शेजारी ओट्यावर टेकले.

"ऐतवारपत्तूर मेलेला ऱ्हाऊ दे. तुझं काय जातंय?"

काय जात होतं ते ओव्हाळांनी त्याला सांगितलं नाही. शुक्रवारी संघाची तातडीची सभा होती.

"आणि रंगा, संघातल्या कुनाला बोलू नगं. त्यांच्या पोरांचं फोन अभिनवकडं हायती."

रकाना : सभेचे इतिवृत्त
प्रकार : हो / नाही

सभा शुक्रवार पेठेतल्या संघाच्या खोलीत भरली. उपस्थिती : हयात एक, इतर पुष्कळ.

सबनीस साहेबांचं नाव तेवढं साइटवर झेंडूविना झळकत होतं. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरं : हयात सभासद : एक. साहेब दोन दिवस त्याची छापील प्रत खिशात घालून हिंडत होते, असं कोणीतरी कुजबुजलं.

चूक साइटवरच राहिली असती तर बरं. पण साहेबांनी उत्साहानं सभासदांची यादी बुधवारीच छापून, सही ठोकून, संस्था नोंदणीच्या कार्यालयात पाठवली होती. वाचली नव्हती, फुली होती, सही केली. तिथल्या बाई ओव्हाळांना म्हणाल्या होत्या, "मयत तुम्हीच कळवलेत. आता हयात करायचे तर ठराव आणा. सूचक एक, अनुमोदक एक. दोघेही हयात हवेत."

"हयात एकच आहे."

"मग कठीण आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

यावर सभेत खडाजंगी झाली. मयत सभासदाला अनुमोदन देता येतं का? घटनेत तशी बंदी नव्हती. घटना लिहिणाऱ्यांना तशी गरज वाटली नसावी. शेवटी एक लेखापाल उठले. "अहो, आधी साइट दुरुस्त करा. मग सुधारित यादी छापून पाठवू. ओव्हाळ, तुमची मुलगी पाच मिनिटांत करते म्हणालात ना? मग दोन दिवस काय मुहूर्त बघताय?"

सगळे ओव्हाळांकडे बघू लागले.

ओव्हाळांकडे उत्तर होतं. ते देता येत नव्हतं.

"रविवारपर्यंत थांबावं लागेल."

"का?"

"तांत्रिक कारण आहे."

"कसलं तांत्रिक? माझा मुलगा सिंगापूरहून रडतोय, त्याला काय तांत्रिक सांगू?"

"शेवटी..." मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं आणि चहाचा घोट घेतला.

तो घोट ओव्हाळांनी ऐकला. इतक्या वर्षांनी, खोलीतल्या एवढ्या गलक्यात, अगदी स्पष्ट. तोंडातून निघून गेलं, "ठीक आहे. आजच करतो. शितोळे सोडून बाकी सगळे आज हयात होतील."



"शितोळे सोडून?" सबनीस साहेब सावकाश म्हणाले. "म्हणजे पोपट...?"

ओव्हाळांनी तोंड उघडलं. मिटलं.

"अरेरे," लेखापाल म्हणाले. "म्हणून थांबले होते हो बिचारे. आणि आपण काय काय बोललो."

सगळे उभे राहिले. खुर्च्या सरकल्या. साहेबांनी मान खाली घातली आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळली गेली. ओव्हाळही उभे होते. त्यांच्या शेजारी मागच्या रांगेतला तो चहाचा घोट घेणाराही येऊन उभा राहिला, आणि स्तब्धता संपल्यावर त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फार जवळचे होते ना तुम्ही, म्हणाला.

ओव्हाळांना वाटलं, त्यापेक्षा तो घोट बरा होता.

रकाना : मृत्यूचा दिनांक
प्रकार : दिनांक

घरी आल्यावर त्यांनी मैत्रीला सांगितलं, बदल प्रकार. मैत्रीनं बदलला. एकेक झेंडूची चौकट गळून पडली. हयात सभासद वाढत गेले, स्वतः ओव्हाळही वर आले.

"बाबा, शितोळेकाकांचा रकाना? तोही रिकामा होईल आता. पत्रं मी अजून रोखून धरलीत."

"तेवढा मी भरतो."

"काका गेले?"

"तू प्रकार बरोबर केलास ना? झालं. आत काय भरायचं ती जबाबदारी माझी."

मैत्रीनं कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. मग "बरं," म्हणाली आणि उठून आत गेली.

ओव्हाळांनी सवयीनं 'निरंक' लिहून पाहिलं.

चूक : या रकान्यात दिनांक अपेक्षित आहे.

आता पळवाट नव्हती. खोटा शब्द मजकुरात लपतो; दिनांकात लपायला जागा नसते. दिवस, महिना, वर्ष. त्या दिवशी सूर्य उगवलेला असतो, माणसं कुठेतरी काहीतरी करत असतात. पत्र बुधवारी गेलं होतं, म्हणजे त्याआधीचा दिवस हवा. मंगळवार. मंगळवारी पोपट त्यांच्याबरोबर स्वारगेटला कांदाभजी खात होता. तिखट मिरची चावल्यामुळे डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बिल तूच दे म्हणून भांडला होता.

कालव्याच्या पाण्याचा हिशेब असो की हजेरीपट, ओव्हाळांनी एकही खोटी नोंद कधी केली नव्हती. करायला सांगणारे पुष्कळ भेटले होते. त्यांनी मंगळवारची तारीख घातली.

पडद्यानं ती घेतली. लाल काहीही आलं नाही. प्रकार बरोबर होता.

रविवारी ते लोणीला गेले. पोपटनं दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पुन्हापुन्हा विचारत होता, "उभा ऱ्हाऊ का बसू?" पुतण्या म्हणाला, "काका, आडवं व्हा. धक्का कमी बसंल."

टॅक्सी थांबली. अभिनव उतरला. टक्कल पडायला लागलेला, पोट सुटलेला, अंगात नवा कोरा पांढरा कुडता. ओट्याकडे बघून तो तिथेच थांबला. टॅक्सीवाल्यानं बॅग खाली ठेवली, पैशांसाठी हात पुढे केला, आणि एकंदर रंग बघून मागे घेतला.

पोपट उभा राहिला होता की बसला होता, हे धड सांगता आलं नसतं. तो मधेच कुठेतरी होता.

"कॉम्प्युटरची चूक झाली म्हनं," पोपट घाईघाईनं म्हणाला. "रंगाच्या हापिसात. मशीनच तसलं."

अभिनव अमेरिकेत कॉम्प्युटरचंच काम करत होता. "मशीनची?" एवढंच तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक आणि थंड होता. पोपटची मान खाली गेली.

ओव्हाळ पुढे झाले. "पहिली चूक माझ्या हातून झाली. दुसरी मी केली. बाकी सगळे दुरुस्त झाल्यावर ह्याची तारीख मी माझ्या हातानं घातली, हा जिवंत आहे हे माहीत असताना. मशीनचा दोष नाही. ह्याचाही नाही. काय बोलायचं ते मला बोल."

अभिनव ओट्याच्या पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याला बराच वेळ लागला, गाठ सुटेना.

"परत कवा जानार?" पोपटनं विचारलं. अगदी हळू.

अभिनवनं मान वर केली नाही.

"तेराव्यानंतरचं तिकीट आहे."

पोपट आत वळला आणि पुतण्याच्या बायकोला ओरडून म्हणाला, "चहा टाक! आन् तेरा दिवसांचं सामान भर."

रकाना : इतर
प्रकार : मजकूर

पोपट हयात असल्याचं संघात सोमवारी कळलं. स्तब्धता पाळलेल्या माणसांचा राग फार खोल असतो. दोन मिनिटं कोणी परत देत नाही. पोपटनं साहेबांना फोन करून कारण सांगायची तयारी दाखवली. ओव्हाळांनी त्याला न सांगण्याची शपथ घातली.

गुरुवारी सबनीस साहेबांचं पत्र आलं. त्यांच्या नव्या लिपिकानं लिहिलेलं, खाली फुली, फुलीवर सही. 'हयात सभासदास जाणूनबुजून मयत दाखविल्याबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. सरचिटणीस पदाचा कार्यभार तत्काळ सोडावा.'

ओव्हाळांनी ते दोनदा वाचलं, नीट घडी घातली, उलगडलं, आणि जेवायच्या टेबलावर बसून उत्तर लिहिलं. 'सदर नोंद मी स्वतः, पूर्ण माहितीनिशी, हेतुपुरस्सर केली. तिचे कारण सांगण्यास मी बांधील नाही.' सही केली. तारीख घातली. ती खरी होती.

मुक्ताईंनी चष्मा लावून कागद वाचला.

"शेवटी क्षमस्व लिहायचं राहिलंय तुमचं."

"राहिलेलं नाही," ओव्हाळ म्हणाले. "लिहिलेलं नाही."